भाग क्रमांक ११४

पहिल्यांदा सूप चिन्हाला अकरा मतं पडली
बोरखेडीच्या बूथवर.
आम्ही हसलो. कोण हे अकरा,
म्हणून पानठेल्यावर आठवडाभर पैजा लागल्या.

पुढच्या खेपेला सत्त्याण्णव.
दिल्लीत मोठ्या दोघांचं जमेना,
म्हणून एकानं यांना टेकू म्हणून घेतलं.
टेकूच तो, पुंजाराम मास्तर म्हणाले,
टेकू काय घर चालवते?

यंदा जिनिंगच्या टिनावर कावळा टेकेना,
तरी माणसं रांगेत, डोक्यावर ओले दुपट्टे.
चिठ्ठ्या मीच वाटल्या होत्या घरोघरी, यादी माझीच:
मेलेले वगळले, नव्या सुना घातल्या,
शेख चांद पिंजाऱ्याच्या नातीचं नाव तीनदा दुरुस्त केलं.
एकही नाव सुटू नये
एवढाच माझा धर्म होता.

सभेत उमेदवार खरोखरचं सूप घेऊन उभा राहिला.
मूठभर तूर पाखडली, खडा उचलून दाखवला.
"निवडणूक म्हंजे काय बाप्पा? निवडणंच तं हाय!"
बाया हसल्या. रोज तेच करतो आम्ही.
खडा कोण, ते त्यानं सांगितलं नाही.
जिला तिला आपल्या दाताखाली आलेला आठवला.

अंगणवाडीचं मानधन दुप्पट करतो म्हणाला.
मी बटण दाबलं.
सात सेकंद काचेआड सूप दिसलं,
मग चिठ्ठी गळून पडली.

कुठे काही चुकलं नाही, हेही लिहून ठेवते.
दारू नाही, धाक नाही, एक मत इकडचं तिकडे नाही.
चांदचाचाला तर म्हातारा म्हणून
रांगेत पुढे घेतलं, सूपवाल्याच्याच पोरानं, हात धरून.
पाचशे चार. बेरीज दोनदा तपासली.

मानधन खरंच वाढलं. एक हप्ता आला.
पाठोपाठ तहसीलमधून नवा फॉर्म:
तीच घरं, तेच घर क्रमांक,
शेवटी फक्त एक रकाना जास्तीचा.
"तुमालेच तं माहीत हाय मॅडम, कोण कुठलं,"
साहेब चहा ओतता ओतता म्हणाले.

चांदचाचाच्या अंगणात बसले आहे.
पिंजणाची तार खुंटीला, कधीची ढिली.
नात पाण्याचा गडवा ठेवून गेली.
कागद वाऱ्यानं उडतो म्हणून डाव्या बोटानं दाबलाय,
त्या बोटाची शाई
नखासोबत वाढत निम्म्यावर आली आहे.

चाचा चष्मा पुसतात.
"या टायमाले काय दुरुस्त करा लागते, बाई?"