राहिलेला कोमल

ओदोन सालकाईच्या चिठ्ठ्या अजून माझ्या खणात आहेत:
"क्लॅरिनेटला श्वास घ्यायला जागा ठेव."
"तिसरा अंक पुन्हा बदललाय. शिव्या मला दे, शाईला नको."

सेगेदच्या नाट्यगृहात, रंगमंचाखालच्या खड्ड्यात
सतरा वादक, अठरावी शेगडी.
वर नट पाय आपटायचे
आणि फळ्यांमधून धूळ
माझ्या ओल्या स्वरांवर पडायची.

मग बुडापेस्ट, सिनेमा.
दिग्दर्शकानं चाळीस मिनिटं कापून चार ठेवली,
तीही कुणी दार उघडताना, लावताना.
ओदोन म्हणाला, दारं मात्र छान वाजली.

मग टीव्ही.
हवामानाच्या बातम्यांआधीचे अकरा सेकंद.
त्या रात्री मला ताप होता.
उतरवून काढताना ओबोच्या ओळीत
एका कोमलाची खूण राहून गेली.
तालमीत त्यानं मान वर केली.
मी माझ्या बुटांकडे पाहिलं.
"परत."
परत तेच वाजलं.
"हं," तो म्हणाला, "राहू दे."

तीस वर्षं
धुकं, गारपीट, तिसा नदीचा पूर
माझ्या त्या चुकीमागून
घराघरांत येत राहिले.

आज त्याला मातीत ठेवलं. भाषणं झाली,
नाटकांची नावं, दोन पदकं.
परतताना ट्रामचा चालक शीळ घालत होता,
तेच अकरा सेकंद.
त्या जागेपाशी आला
तसा मी श्वास धरला.

बरोबर चुकला.

माझा थांबा केव्हाच मागे गेला होता.