याकूबच्या नावावर

असीलचा तुरा असतो वाटाण्यासारखा,
डोक्याला चिकटलेला, तीन ओळींत दबलेला,
चोचीत धरायला काही मिळू नये असा.
बाबा सांगायचे, आधी तुरा बघ, मग नळी बघ,
डोळा शेवटी. डोळ्याला भुलतंय माणूस.

मी झुंजीला देत नाही. पाळायला जोडी देते,
सहा आठवड्यांची,
बोटांमधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून.
डाव्या पायाला भोक म्हणजे सबजाच्या घरचं,
उजव्या पायाला, लाख्याच्या.
दोन्ही घरं कुद्रेमानीच्या ह्याच परड्यात,
मध्ये शेवगा आणि तारेची जाळी.
पाच पिढ्या त्यांची गाठ पडू दिली नाही.
यंदा दिली.

अकरा अंडी. तलंग पहिल्यांदाच खुडूक झालेली,
एकवीस दिवस डोळे अर्धे मिटून तापत राहिली.
नऊ फुटली.
पाचव्या आठवड्यात एकाच्या डोक्यावर
करवत उगवली.
उभी, पातळ, पाच दातांची.
मला आधी वाटलं, खरूज.

शिनोळीचा पोरगा आगाऊ पैसे देऊन गेलेला.
“मावशी, रक्त साफ की?”
वही बघून सांगते म्हटलं.

करवत एका बाजूनं येत नाही.
बापानं अर्धी, आईनं अर्धी,
दोघांनी आतल्या आत सांभाळलेली असावी लागते.
म्हणून वही मागं मागं वाचत गेले,
माझ्या बॉलपेनातून बाबांच्या शिसपेन्सिलीत,
जिथं सबजा आणि लाखा अजून एकाच पोटातले होते.

मानमोडीचं साल.
“याकूब मेला. संक्रांतीचा दुसरा दिवस.
बांधाला पुरला, मीठ घालून.”
पान उलटलं की पाडवा:
“काळी बसवली. अंडी तेरा. बाप याकूब.”

कोंबडीच्या पोटात नराचं बी दोन आठवडे टिकतं,
तीन म्हणजे देवाची कृपा.
मी बोटांवर मोजलं.
सत्तर दिवस.

त्या साली आमच्या आळीत एकच कोंबडा आरवायचा.
गंगव्वाचा. तांबडा, लंगडा,
तुरा भलामोठा, एका डोळ्यावर कलंडलेला.
ती त्याला हुंज म्हणायची, कोंबडीला कोळी,
आणि मी लहान, कितीतरी दिवस
तिच्या डालग्यात जाळी विणणारा कोळी शोधत होते.
तिनं जोंधळे टाकून “बा, बा” केलं
की आमची काळी गडग्यावरून पलीकडं.
बाबा उंबऱ्यात बसून तंबाखू मळत.
बघायचे. हाकलायचे नाहीत.

हेच बाबा हुक्केरीला गेलेले,
दस्तगीर मुल्लाकडून याकूब आणायला,
वखारीतला दोन महिन्यांचा पगार देऊन,
येताना एसटीत त्याचं वेगळं तिकीट काढून.
मी पान उजेडात धरलं.
“याकूब” ह्या अक्षरांवर पेन्सिल जास्त दाबलेली.
मागच्या बाजूला बोटाला लागतात.

पोराला फोन केला. जोडी नाही, पैसे घेऊन जा.
“का ओ?”
पणजा लंगडा होता म्हटलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
“मग आठशे कमी करा की.”

करवतवाला नर आहे. नळी चांगली आहे.
डोळा, शेवटी बघितला तोही, मोत्यासारखा.
काल सुई चुलीवर धरली
आणि त्याच्या दोन्ही पायांना भोक पाडलं.
ओरडला थोडा.
वहीत तुरा लिहिला, आई लिहिली, बाप लिहिला.
बाबांची ओळ खोडली नाही.
तिच्याखाली थोडी जागा होती, तिथं
“तांबडा” एवढंच लिहिलं,
बॉलपेन ठेवून दिलं त्यासाठी,
नातवाची शिसपेन्सिल घेतली.

तोवर हे हातातून सुटून
चुलीपुढच्या राखेत लोळत होतं,
एक पाय वर करून.