बाबाचा फोन

जुन्या फोनमध्ये बाबा नव्हताच.
आई बोलता बोलता म्हणायची, थांब, तुह्या बाबाले देतो,
आणि लावायची त्याच्या कानाला फोन,
जो कान जन्मापासून बंद.
तो म्हणे मान डोलवायचा दोनदा, गंभीरपणे,
आणि फोन परत द्यायचा.
इकडे तिरुपूरला मी, मशीनवरून नुकती उठलेली,
त्या दोन डोलांची वाट पाहत गप्प.

आता बाबा दिसतो.
शिंगाड्याच्या राखणीला तलावाच्या पारीवर,
तिथंच दोन कांड्या रेंज.
बॅटरी फांदीला टांगतो,
फोन मोहाच्या बेचक्यात टेकवतो,
कारण बोलायला त्याला दोन्ही हात लागतात.

नाकपुडीला बोट, म्हणजे आई.
तळहात तिरपा वळवळला, म्हणजे मरळ.
मग दोन्ही हात लांब: एवढी!
मग माझा चेहरा पाहून थोडे जवळ:
बरं, एवढी.
हनुवटीवर अंगठा, तिथं मी लहानपणी पडले होते,
ते माझं नाव.
रत्नकला फक्त आधार कार्डावर.
गाव त्याला डाकराम म्हणत नाही, मुका म्हणतो.
गावाला काय माहीत
हा माणूस किती बडबड्या आहे.

खोलीत आम्ही आठ जणी.
दहानंतर बोलायचं नाही, वॉर्डनचा नियम.
मी तासतासभर बोलते, कुणाची झोपमोड नाही.
ओडिशाची कुनी एकदा जागी होती, सकाळी म्हणाली,
रात्री तुझ्या हातांच्या सावल्या भिंतीवर भांडत होत्या.
भांडतच होतो. माझ्या लग्नावरून.
आणि ऐन भांडणात रेंज गेली,
बाबाचा हात अर्ध्यात अडकला.
तिथून पुढे 'ये' होतं,
तिथूनच पुढे 'राहा तिकडेच'.
चक्र फिरत राहिलं त्याच्या बोटांवर.
अजून विचारलं नाही मी, काय होतं ते.

परवा त्याची बॅटरी मेली.
माझ्याकडे नुसता काळा पडदा.
मी हात हलवत राहिले,
दिसत नाहीस, बाबा, दिसत नाहीस.
अंगठा लाल ठिपक्याकडे निघाला होता
तेव्हा ऐकू आलं:
रातकिडे,
पाण्यात काहीतरी डुबकन,
आणि अगदी कानाशी श्वास,
बिडीचा, जरासा घरघरता,
ओढलेला, थांबलेला, सोडलेला.

श्वासाला आवाज असतो
हे बाबाला कुणीच सांगितलेलं नाही.
कशी खूण करायची त्याची?

मी तोंडाजवळ उजेड धरून बसले,
त्याला मी तरी दिसावी म्हणून.
दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.
कॉलच्या यादीत आहे अजून,
एक्केचाळीस मिनिटं.