मापं घेणारा

शेवटचा खेळ सुटतो तेव्हा माझं पातेलं अर्धं भरलेलं असतं.
उकडलेले मक्याचे दाणे, लिंबू, तिखट, वर किसलेलं चीज.
भ्यालेल्या माणसाला भूक जास्त लागते,
हे सोम्ब्रेरेतेच्या या कोपऱ्यावर
एकोणीस वर्षं उभं राहून कळलं.

आठवडाभर एकच सिनेमा चालू आहे.
एक शिंपी. चेहऱ्याच्या जागी नुसतं कापड.
रात्री येतो, झोपलेल्याच्या उशाशी बसतो,
टेप सोडतो खांद्यापासून टाचेपर्यंत,
वहीत लिहितो, जातो.
चौथ्या दिवशी दारात कफन. नेमकं मापाचं.
बस्स. रक्त नाही की किंकाळी नाही.

"म्हणून तर पैसे पाण्यात," एलेउतेरिओ म्हणतो.
खाटिक आहे तो, रक्ताशी त्याचं रोजचं देणंघेणं.
"एकाला तरी फाडायचं होतं!
तू तिखट घाल जास्त, इथे तरी येऊ दे अंगावर काटा.
आणि उधारीवर लिही."
त्याची बायको ओब्दुलिया काही बोलत नाही,
बाही वर करून मनगट दाखवते:
नवऱ्याच्या नखांचे चार चंद्र, अजून लाल.

दोन क्रेसेन्सियो मात्र खराच चिडलाय.
"टेप उलटी धरली होती त्यानं!
आणि कुठला शिंपी खांद्यापासून सुरू करतो?
मान आधी. मान!"
गावातला शेवटचा शिंपी तो.
मंगळवारी एक नवरदेव सुटाचं माप द्यायला आला
आणि टेप गळ्याशी येताच उठून गेला.

झाकातेकासहून आलेली चष्मेवाली मुलगी समजावते,
तो शिंपी म्हणजे खाणीची कंपनी,
माणूस जिवंत असतानाच त्याचा हिशेब मांडणारी.
म्हातारा वेन्सेस्लाओ, चांदीच्या खाणीत
फुप्फुसं ठेवून आलेला,
खोकला ओसरेपर्यंत थांबतो, मग म्हणतो,
"असेल पोरी. मला तर शिंपीच वाटला."

आणि इत्सायाना, वय वर्षं अकरा,
आत सोडायलाच नको होतं तिला:
"डोळे नाहीत, तर वहीत लिहितो कसं?"
सगळे चमचे एकदम थांबले.
मग कोणीतरी पावसाचा विषय काढला.

रेमेदियोस रोज येते.
रोज तिकीट काढते, कडेची खुर्ची,
माझ्याकडून काही घेत नाही.
गुरुवारी मीच विचारलं, कसा वाटला?

"वही चांगली आहे," ती म्हणाली.

मी गप्प.

"नाव लिहितो. तारीख. उंची.
एकाच वहीत. हरवत नाही ती शेवटपर्यंत."

तिचा उलिसेस चार वर्षांपूर्वी
दुरांगोच्या बसमध्ये चढला, कामासाठी.
एक मीटर एकाहत्तर.
हा आकडा तिने किती टेबलांपुढे सांगितलाय.
दर वेळी नवा कागद, नवा माणूस,
एकाने तर एकसष्ट लिहिलं, आणि खोडलंही नाही.

मी पेला भरला, तिच्या हातात दिला,
पैसे घेतले नाहीत.
तिने तो एलेउतेरिओच्या पोराला दिला.

मी स्वतः सिनेमा पाहिलेला नाही.
मी फक्त बाहेर पडणारी तोंडं पाहते,
त्यावरून माझं मत काय बनणार?

पण त्या रात्री घरी आल्यावर
हाताचा लिंबाचा वास धुतला,
झोपलेल्या धाकट्याच्या उशाशी बसले
आणि अंधारात वितीने मोजत गेले.
खांद्यापासून नाही, मानेपासून.
पाच विती, चार बोटं.

कुठे लिहावं ते सुचेना.
मग उधारीची वही काढली,
खाटकाच्या बाकीखाली लिहून ठेवलं.