दोनशेची जागा

चार्जिंगच्या भोकात मिरची होती.
सुईच्या टोकानं टोकरली, फुंकली,
आणि दुकानातल्या तिघांनाही शिंका आल्या.
हिलाल आप्पा म्हणाले, एवढं काय,
आमच्या घरात देवसुद्धा शिंकतो.

नंदुरबारच्या बाजार समितीत मापाडी.
चाळीस हंगाम लाल ढिगांच्या कडेला उभं राहून मोजलेलं,
आवाजाला कायमची ठसक.
कोपरीच्या खिशातून दोन फोन काढले :
एक खोक्यातला, सुरतेहून मुलानं कुरियर केलेला,
एक रबर लावलेला, ज्याच्या बटणावरचा पाच
कधीच पुसून गेलाय.
'याचं त्यात ओत,' म्हणाले. 'सांडायचं नाही.'

जुन्या फोनात दोनशेच मेसेज मावतात.
दोनशे एकावा दाराशी ताटकळतो,
पाकिटाचं चित्र लुकलुकत राहतं,
आतल्या एकाला उठवल्याशिवाय त्याला बसता येत नाही.
अकरा वर्षं आप्पा रोज रात्री
एकेकाला उठवत आले.
कंपनीची बक्षिसं गेली, गॅसचे नंबर गेले,
मिरचीचा भाव तर सकाळी आलेला संध्याकाळीच शिळा.
उरले ते सगळे एकाच नंबरचे.

केबल लावली. तिसऱ्या खेपेला संगणकानं ओळख दिली.
ओळी पडद्यावर उतरायला लागल्या,
इंग्रजी अक्षरांत दाबून बसवलेली आमची अहिराणी,
जिच्याखाली मशीन न थकता तांबडी रेघ ओढतं :
पोचनू.
पोचनू.
बस लेट शे.
पैसा टाकात.
माय कशी शे.
पोचनू.
मधली दोन वर्षं काहीच नाही.
मग परत, पोचनू.

गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही, हा दुकानाचा नियम, मीच केलेला.
पण हात कामात असताना
डोळे कुठं टांगून ठेवायचे?

नव्या फोनात सगळं गेलं, आणि तारखा गळाल्या.
होतं असं कधी कधी. प्रत्येक मेसेजवर आजचाच दिवस,
बारा वाजून चाळीस मिनिटं.
आप्पांनी फोन हातभर लांब धरला.
'एकच दिनमा इतला दाव पोचना का वं हाऊ?'
मी म्हटलं, पुन्हा करून बघते.
'नको,' म्हणाले. 'पोचना ना.'

मग स्टुलावर बसले, अंगठ्यानं एकेक वर सरकवत
मोजायला लागले, जसं काट्यावर मोजतात.
एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन...
बाहेर कव्हर बदलायला आलेला पोरगा कंटाळून गेला.
सुरत पॅसेंजर आली, गेली.
एकशे नव्याण्णव.

माझ्या पोटात गोळा.
केबल काढली, घातली, फाइल उघडली, एकशे नव्याण्णव.
जुना फोन हातात घेऊन एकेक कप्पा बघत गेले
आणि सापडला : मसुदे, एक.
तोही त्या दोनशेतलीच जागा खाऊन बसलेला.

घर ये. मी काई बोलाव नही.

वर मुलाचा नंबर. तारीख नाही,
न पाठवलेल्याला हा फोन तारीख देत नाही.

'आप्पा, मसुदा आपोआप येत नाही.
हातानं टाइप करून देऊ?'
त्यांनी बघितलं नाही, काय आहे ते.
'तो येतो आता. दर दिवाळीले येस.'
'मग पुसून टाकू?'
'राहू दे. बारदान शे ते.
बारदान मालमा धरतस नही.'

पन्नास रुपये झाले. त्यांनी साठ दिले,
दहा परत घेतले, नीट बघून.
नवीन फोन खोक्यात ठेवला.
जुना बंद केला, खिशात टाकला,
दारापर्यंत गेले आणि वळले,
'माझं रबर?'