राखीव

पुस्तक मंगळवारीच आलं होतं.
वादळानं अडकलेली तॉर्सहावनची बोट एकदाची लागली
आणि तिच्यातून मैदा, दोन टायर, कुणाचंसं औषध
आणि तपकिरी खोक्यात तिसरा भाग.

रान्वा बुधवारी येऊन गेली.
मासळीच्या कारखान्यातून थेट, केसांवर अजून जाळी,
काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "आलं?"
मी मिठाची गुळणी धरली.
मग म्हणाले, "बोट उशिरा आहे."
खिडकीतून बोट दिसत होती.

अठ्ठावीस वर्षं शिक्के मारतेय इथे.
मेंढ्यांचे आजार, विणकाम, बुडालेल्या जहाजांच्या याद्या.
जांभळ्या कव्हरांना, पाठमोऱ्या मुलींना,
एका आकाशातल्या दोन-दोन चंद्रांना
मी रीतसर नाक मुरडलेलं.
पहिला भाग घरी नेला तो फाटकं पान चिकटवायला.
पान सत्तेचाळीस.
डिंक वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून अठ्ठेचाळीस वाचलं.

तो विझलेल्या ताऱ्यावरचा.
तारा मेला त्याला नऊशे वर्षं झाली,
उजेड मात्र अजून वाटेत आहे, आणि उजेडात तो.
ती सतरा वर्षांची, आईबरोबर हवामान केंद्रावर राहणारी.
भेट फक्त निरभ्र रात्री.
(लेखिकेनं आमची बेटं पाहिली नसावीत.
इथे वर्षाकाठी नऊदा भेटले असते बिचारे.)
आमच्या भाषेत असलं काही येत नाही, डॅनिशमध्ये येतं,
त्यामुळे ते दोघं प्रेमातसुद्धा
शाळेत बोलावं तसं नीट बोलतात.

दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर
तो हात पुढे करतो, ती हात पुढे करते
आणि बया तिथेच संपवते!
सोळा महिने.
सोळा महिने दोन हात हवेत.
आधी ऑक्टोबर म्हणाले, मग फेब्रुवारी, मग नुसतं 'लवकरच'.

रान्वाचं म्हणणं, तो माणूस होणार,
सगळं वय एका रात्रीत अंगावर घेऊन.
"असेल बाई," मी म्हणायची, आणि कार्डं लावायची.
मला वाटत होतं, ती जाणार. उजेड होऊन.
आईला चिठ्ठीही न ठेवता.
हे मी बोलले नाही.
माझी मुलगी ऑर्हूसला असते.

मंगळवारी रात्री चहा ओतला, तो गार झाला.
बुधवारी पुन्हा तेच.
वय चोपन्न, गुडघा दुखतो,
आणि तीनशे सहाव्या पानावर मी उठून
स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आले,
कारण ते दोघं बोलायचे थांबले होते
आणि पुढचं
मला इतक्यात कळायला नको होतं.

शेवटची वीस पानं वाचली नाहीत.
चांगुलपणा कसला, थोडी भीती, थोडी हाव,
पुरवून पुरवून खायची.
आणि त्या पानांवर
तिच्याआधी कुणाची नजर पडू नये, असंही काहीतरी.

गुरुवारी रबरात चिठ्ठी, चिठ्ठीवर तिचं नाव, 'राखीव'.
तिनं रबर काढलं.
नवं पुस्तक कधी आपण होऊन उघडत नाही.
हे उघडलं. तीनशे सहावर.
तिनं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
माझे कान तापले, पोरीबाळींचे तापतात तसे.
"कुठवर आलात?"
"वीस राहिली."
"मग सांगू नका हं," ती म्हणाली,
जणू चोरी तिचीच. "रविवारी आणून देते."
"रविवारी बंद असतं."
"घरी आणते."

आज शुक्रवार. धुकं पार कौलांवर बसलंय.
समोरच्या घरात तिचा दिवा रात्री अडीचला चालू होता,
पावणेतीनलाही.
रविवारी चारला ऑर्हूसहून फोन येतो, दर रविवारी.
या वेळी तिला म्हणेन,
थांब गं जरा,
माझी वीस पानं राहिलीत.