निवळी

ओमाहाच्या आसपास आठशे मैलांत समुद्र नाही.
जानेवारीत फर्नेस रात्रभर घुमतं,
सकाळी टाकीतलं पाणी बोटभर खाली.

जातं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं.
हे कळायला माझ्या सात गोगलगायी गेल्या;
भर म्हणून मी खारंच ओतत होतो, शहाणा.

आता गाळलेलं गोडं पाणी, त्यात चमचाभर चुना.
शलाका म्हणाली, दुकानदारानं तुला चुना लावला.
लावलाच. अठ्ठावीस डॉलरला डबा.

साका बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी घ्यायची,
आणि टाकीचा दिवा मालवला की थेंब, थेंब.
घाई केली तर आत पांढरा बर्फ पडतो,
कुणाच्याच अंगी लागत नाही.

काल मापलं: चारशे दहा.
प्रवाळ वर्षात नखाएवढं वाढलं,
तेही करंगळीच्या.

दिवसा मी डायलिसिसच्या खुर्च्यांमधून फिरतो.
चार नंबरवर मिसेस नोवाचेक.
त्यांचं उलटं: पाणी जातच नाही.
दिवसाला चार कप, त्यातच सूपही धरायचं.
बर्फाचा खडा गालात ठेवून विचारतात,
काय म्हणतो तुझा समुद्र?

आज विचारलं,
रोज किती पाणी घालतोस त्याला?
खोटं सांगावंसं वाटलं.
चार लिटर, म्हणालो.

त्या इतक्या हसल्या
की मशीन कोकलायला लागलं,
आणि मी धावत जाऊन
त्यांची नळी सरळ केली.